मुलीची थकलेली पोटगी वसूल कशी करावी : एका कौटुंबिक वकिलाचे उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या कौटुंबिक न्यायालयाने २०२२ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली मुलीसाठी दरमहा ८,००० रुपये पोटगी मंजूर केली आणि पुढे घटस्फोटही झाला. सुरुवातीला रक्कम नियमित येत होती, पण गेले १९ महिने काहीच आलेले नाही. मुलीचे वडील चाकणला एका खासगी कंपनीत कामाला होते. आता नोकरी सुटली असे ते सांगतात. दिंडोरी तालुक्यातील वडिलोपार्जित जमिनीत त्यांचा हिस्सा आहे. ‘मुलीला भेटू देत नाही, म्हणून पैसे देत नाही’ हेही त्यांचे म्हणणे आहे. जुने पैसे बुडाले का, त्यांना तुरुंगात पाठवता येईल का आणि पैसे मिळेपर्यंत मुलीची भेट थांबवावी का, असे तीन प्रश्न तुम्ही विचारले आहेत. मी क्रम थोडा बदलतो, कारण यातील एका गोष्टीला खरोखरच घाई आहे.

ती गोष्ट म्हणजे तारखांचा हिशेब. कलम १२५(३) खालील वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि हीच तरतूद तिच्या कलम १४४(३) मध्ये जशीच्या तशी आली आहे; तुमचा आदेश जुन्या कायद्याखालचा असल्याने अर्जाच्या मथळ्यात दोन्ही कलमे लिहावीत, म्हणजे त्यावरून हरकत निघण्यास जागा उरत नाही. तुमची एकूण थकबाकी १,५२,००० रुपये होते. त्यापैकी अलीकडच्या १२ महिन्यांचे ९६,००० रुपये आज या मार्गाने मागता येतात आणि त्याआधीच्या सात महिन्यांचे ५६,००० रुपये या मार्गाच्या बाहेर गेलेले आहेत. दरमहा आणखी ८,००० रुपये बाहेर जातील. ‘पुढच्या महिन्यात देतो’ या आश्वासनावर थांबलेल्या कित्येक स्त्रियांचे नुकसान नेमके असेच होते. मुदत मोजताना न्यायालय निकाल कधी देते हे पाहिले जात नाही, अर्ज कधी दाखल झाला हे पाहिले जाते. त्यामुळे कागद पूर्ण जमले नसले तरी आदेशाची नक्कल आणि थकबाकीचा तक्ता जोडून अर्ज आधी दाखल करावा, बाकीचे नंतर जोडता येते. एकदा अर्ज दाखल झाला की तो प्रलंबित असताना पुढे थकत जाणाऱ्या महिन्यांसाठी प्रत्येक वेळी नव्याने मुदतीची अडचण येत नाही. अशी पुढची रक्कम त्याच प्रकरणात अर्ज देऊन मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये स्पष्ट केले आहे.

मग ते ५६,००० रुपये बुडाले का? नाही. एका वर्षाची अट ही वसुलीच्या त्या विशिष्ट, जलद आणि अटकेची धास्ती असलेल्या मार्गापुरती आहे; पोटगीचा हक्क तिने संपत नाही आणि दिवाणी मार्गाने ती रक्कम मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले. पुढे ४ नोव्हेंबर २०२० रोजी ‘रजनेश विरुद्ध नेहा’ या निकालात पोटगीचा आदेश दिवाणी न्यायालयाच्या पैशाच्या हुकूमनाम्याप्रमाणे (डिक्रीप्रमाणे) अंमलात आणता येतो, हेही न्यायालयाने नमूद केले. या मार्गाला आपल्याकडे दरखास्त म्हणतात. हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची मुदत मुदत कायद्याच्या अनुच्छेद १३६ प्रमाणे १२ वर्षे असते, आणि रक्कम ठरावीक कालाने द्यायची असेल तर ती प्रत्येक हप्ता चुकल्याच्या तारखेपासून मोजली जाते. म्हणून अशा प्रकरणात मी दोन्ही दारे एकाच वेळी ठोठावतो : शेवटच्या १२ महिन्यांसाठी फौजदारी वसुली अर्ज आणि जुन्या रकमेसाठी दरखास्त. दोन्ही ठिकाणी दुसऱ्या प्रकरणाचा उल्लेख करावा आणि एका बाजूने मिळालेली रक्कम दुसऱ्या बाजूला मागणार नाही, असे स्पष्ट लिहावे. लपवल्यास तो मुद्दा समोरचा वकील पहिल्याच तारखेला काढतो.

थकबाकीचा तक्ता साधा पण काटेकोर हवा. महिना, देय रक्कम, मिळालेली रक्कम, मिळाल्याची तारीख आणि कशाने मिळाली, एवढे रकाने पुरेत. सोबत पोटगी ज्या खात्यात यायची त्याचा बँक उतारा आणि प्रतिज्ञापत्र जोडावे. मधल्या काळात त्यांनी मुलीच्या हातात रोख पैसे दिले असतील किंवा शाळेची फी परस्पर भरली असेल, तर ती नोंद स्वतःहून करावी आणि ती पोटगीत धरायची की नाही हे न्यायालयावर सोडावे. व्हॉट्सॲपवर त्यांनी ‘आता जमत नाही, नंतर एकदम देईन’ असे लिहिले असेल, तर ती थकबाकीची कबुली आहे. तो संदेश जपून ठेवावा आणि दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र जोडावे. जुन्या कायद्यात हेच कलम ६५ ब होते. आदेशाची एक प्रत विनामूल्य मिळण्याचा तुम्हाला कायद्यानेच हक्क आहे. त्याच तरतुदीत, म्हणजे नव्या संहितेच्या कलम १४७ मध्ये, मुलीचे वडील ज्या ठिकाणी असतील त्या ठिकाणच्या न्यायदंडाधिकाऱ्याकडेही आदेशाची अंमलबजावणी मागता येते. ते पुण्याकडेच स्थायिक असतील तर हा पर्याय लक्षात ठेवावा, मात्र तुमचे प्रवासाचे हाल पाहता पहिली पसंती नाशिकलाच द्यावी, असे माझे मत आहे.

आता तुरुंगाविषयी, कारण बहुतेक जणींचा भर याच प्रश्नावर असतो. कायद्यातील क्रम असा आहे की न्यायालयाने आधी दंड वसूल करतात त्या पद्धतीने रक्कम वसुलीचे वॉरंट काढायचे, आणि त्या वॉरंटची बजावणी होऊनही रक्कम शिल्लक राहिली तर प्रत्येक महिन्याच्या थकबाकीसाठी एक महिन्यापर्यंत, किंवा त्याआधी पैसे भरले तर तोपर्यंत, कैद देता येते. हा क्रम सोडून थेट अटक वॉरंट मागितले आणि ते निघाले, तरी ते वरच्या न्यायालयात टिकत नाही आणि मधले सहा महिने वाया जातात. एकाच अर्जावर एकूण किती महिन्यांची कैद देता येते यावर निरनिराळ्या उच्च न्यायालयांचे एकमत नाही, त्यामुळे ‘बारा महिने आत बसवू’ असे कोणी सांगत असेल तर त्यावर विसंबू नये. दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. कैद भोगली म्हणून थकबाकी फिटत नाही. कैद हे वसुलीचे साधन आहे, रक्कम चुकती करण्याचा प्रकार नव्हे, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आहे. ‘महिनाभर बसून येतो, मग हिशेब संपला’ असे नातेवाईक सांगत असतील तर ते चुकीचे आहे. तरीही माझा अनुभव असा की कैदेचा उपयोग ती प्रत्यक्ष होण्यापेक्षा तिची शक्यता समोर दिसण्यात जास्त असतो. वॉरंट घेऊन हवालदार दारात आला की ज्याच्याकडे कालपर्यंत पैसे नव्हते त्याचा भाऊ संध्याकाळपर्यंत रक्कम घेऊन न्यायालयात येतो. ज्याच्याकडे खरेच काही नाही, त्याला आत बसवून मुलीच्या हाती मात्र काहीच लागत नाही.

वॉरंटची खरी अडचण बजावणीत असते. ‘सदर इसम दिलेल्या पत्त्यावर मिळून आला नाही’ हा शेरा मारून वॉरंट परत येते आणि पुढची तारीख दीड-दोन महिन्यांनी पडते. हे टाळायचे तर वॉरंटसोबत माणूस सापडेल अशी माहिती द्यावी लागते : अलीकडचा फोटो, कामाचे ठिकाण आणि पाळीची वेळ, भाड्याच्या खोलीचा पत्ता, गाडीचा क्रमांक, सणाला गावी येतो तर कोणाकडे उतरतो. चाकणचा भाग २०१८ पासून पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयात आहे. जुन्या सवयीने पुणे ग्रामीण पोलिसांच्या नावे वॉरंट काढले, तर ते फिरत राहते. वॉरंट कोणत्या पोलीस ठाण्याला गेले आणि तिथे कोणत्या क्रमांकाने नोंदले गेले, हे पुढच्या तारखेची वाट न पाहता विचारून घ्यावे. बजावणी होत नसेल तर संबंधित वरिष्ठ पोलीस निरीक्षकांना न्यायालयाकडून अहवाल मागवावा, असा अर्ज देता येतो आणि त्याचा चांगला परिणाम होतो.

या सगळ्यापेक्षा अधिक मेहनत घ्यावी ती पैसा कुठे आहे हे शोधण्यावर. वसुलीचे प्रकरण रखडते ते बहुधा कायदा अपुरा पडतो म्हणून नव्हे, तर अर्जात जप्त करण्याजोगी एकही वस्तू नेमकेपणाने लिहिलेली नसते म्हणून. ‘गैरअर्जदार सधन आहे’ या वाक्यावर बेलिफ, म्हणजे जप्ती बजावणारा न्यायालयाचा कर्मचारी, काहीही जप्त करू शकत नाही. बँकेचे नाव व शाखा, गट क्रमांक, कंपनीचे नाव, एवढे लिहिले की त्याला काम करता येते.

आधी पगाराचे पाहू. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये सामान्य कर्जदाराच्या पगाराला बरेच संरक्षण आहे : पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या पगाराचा दोन तृतीयांश भाग जप्तीपासून मुक्त असतो. पोटगीच्या हुकूमनाम्यासाठी मात्र हे गणित उलटे होते. तिथे पगाराचा फक्त एक तृतीयांश भाग सुरक्षित राहतो आणि दोन तृतीयांशापर्यंत जप्ती होऊ शकते. त्याच संहितेतील ‘आदेश २१’ या नियमसंचातील नियम ४८ सरकारी नोकरांसाठी आणि नियम ४८अ खासगी कर्मचाऱ्यांसाठी आहे. न्यायालयाचा आदेश मिळाल्यावर कंपनीने पगारातून रक्कम कापून न्यायालयात भरायची असते, आणि आदेश डावलून पूर्ण पगार दिला तर त्या रकमेची जबाबदारी कंपनीवर येते. पगाराची जप्ती मी फौजदारी वसुली अर्जात न मागता दरखास्तीतच मागतो, कारण तिथे नियम स्वच्छ आहेत. भविष्यनिर्वाह निधीला मात्र हात लावता येत नाही. तुम्ही स्वतः कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली आदेश घेतला असेल, तर त्या कायद्याच्या कलम २०(६) प्रमाणे मालकाला थेट तुमच्या खात्यात रक्कम जमा करण्यास सांगता येते; ही तरतूद सोपी असूनही कमी वापरली जाते.

नोकरी सुटल्याच्या म्हणण्याला काय उत्तर द्यावे? पहिले असे की नोकरी गेली म्हणून आदेश आपोआप थांबत नाही. परिस्थिती बदलली असेल तर त्यांनी नव्या संहितेच्या कलम १४६ खाली, म्हणजे जुन्या कलम १२७ प्रमाणे, रक्कम कमी करून मागायची असते. असा अर्ज त्यांनी १९ महिन्यांत केलेला नाही, हे लेखी म्हणण्यात ठळकपणे आणावे. धडधाकट माणसाने मिळेल ते काम करून मुलांचे पोषण केले पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितले आहे आणि २०२२ च्या एका निकालात तर शारीरिक श्रम करूनही ही जबाबदारी पार पाडावी लागेल, अशा स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. दुसरे असे की नोकरी खरेच सुटली का, हे त्यांच्या तोंडी सांगण्यावर सोडू नये. ‘रजनेश’ निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोन्ही बाजूंनी मालमत्ता आणि दायित्वांचे प्रतिज्ञापत्र देणे बंधनकारक झाले आहे. दरखास्तीत आदेश २१ नियम ४१ खाली त्यांना मालमत्तेचा तपशील शपथेवर देण्यास भाग पाडता येते आणि तो आदेश मोडला तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदेची तरतूद आहे. कंपनीला साक्षी समन्स काढून सेवासमाप्तीचे पत्र, शेवटचा हिशेब आणि पैसे कोणत्या खात्यात गेले हे मागवावे. राजीनामा दिला असेल तर तो वसुलीच्या नोटिशीनंतर लगेच दिला का, हे तारखांवरून कळते. खाते क्रमांक कळला की ती बँकही जप्तीच्या आदेशात आणता येते. प्रतिज्ञापत्र खोटे निघाले तर खोट्या शपथेची स्वतंत्र कारवाई मागता येते, पण तिच्या मागे लागून मूळ वसुली मागे पडू देऊ नये.

जमिनीचा मुद्दा मला तुमच्या प्रकरणात सर्वांत आश्वासक वाटतो. आज रात्रीच महाभूमीच्या संकेतस्थळावरून गट क्रमांकाचा सातबारा आणि ८अ (खातेउतारा) काढून घ्यावा, शक्य असेल तर फेरफारही (मालकीतील बदलांच्या नोंदी) पाहावेत. नाव सामाईक खातेदार म्हणून असले तरी त्यांच्या अविभक्त हिश्श्यावर जप्ती आणता येते. फौजदारी मार्गात न्यायालय जिल्हाधिकाऱ्यांना वॉरंट पाठवून रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्यास सांगू शकते. दिवाणी मार्गात आदेश २१ नियम ५४ प्रमाणे जप्तीचा मनाई हुकूम निघतो आणि त्याची नोंद ‘इतर हक्क’ या रकान्यात करून घेता येते. ही नोंद झाली की भावाभावांच्या खरेदी-विक्रीत, सोसायटीच्या कर्जात, सगळीकडे ती आडवी येते आणि मग तडजोडीचे निरोप समोरून येऊ लागतात. यातला ठरलेला डाव म्हणजे नोटीस मिळताच भावाच्या किंवा आईच्या नावे हक्कसोडपत्र किंवा बक्षीसपत्र करून मोकळे होणे. जप्तीनंतर केलेले असे हस्तांतरण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६४ प्रमाणे जप्तीपुरते निष्फळ ठरते. जप्तीआधी केलेले असेल तरी मोबदल्याशिवाय झालेल्या हस्तांतरणात पोटगीचा हक्क त्या मिळकतीवर कसा चालतो, यासाठी मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ३९ पाहावे लागते. तो वाद लांबतो, म्हणून जप्तीचा अर्ज नोटिशीच्या आधी तयार ठेवावा. त्या मिळकतीवर बँकेचा बोजा असला म्हणून निराश होऊ नये. पोटगीच्या थकबाकीला इतर धनकोंच्या आधी स्थान आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये म्हटले आहे.

तारखेच्या दिवशी घडणारी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. दीड लाखाच्या थकबाकीत ते पाच हजार रुपये घेऊन येतील, वकील ‘सद्भावनेने भरणा केला आहे’ असे म्हणतील आणि पुढची तारीख मागतील. पैसे नाकारू नयेत. पण पुरसिशीत, म्हणजे न्यायालयात दिल्या जाणाऱ्या छोट्या लेखी निवेदनात, ‘सर्वांत जुन्या महिन्याच्या थकबाकीपोटी, उर्वरित रकमेचा हक्क राखून स्वीकारले’ असे लिहावे आणि ते रोजनाम्यात (त्या दिवसाच्या कामकाजाच्या नोंदीत) येईल असे पाहावे, म्हणजे जी रक्कम मुदतीच्या कचाट्यात आहे ती आधी कमी होते. हप्ते मान्य करायचेच असतील तर हप्त्याची तारीख, चालू महिन्याची पोटगी वेगळी देण्याचे बंधन आणि एक हप्ता चुकल्यास वॉरंट काढण्याची अट, या तिन्ही गोष्टी आदेशात घ्याव्यात. लोकअदालतीत तडजोड करण्याचा आग्रह झाला तर विचार करायला हरकत नाही, मात्र तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील होत नाही, हे लक्षात घेऊन सही करावी. ‘मागचे सगळे सोडून देते, पुढचे नियमित द्या’ या मजकुराला मान्यता देऊ नये. पोटगी मुलीची आहे. तिचा हक्क आईने सोडून देणे न्यायालये मान्य करत नाहीत, पण एकदा लिहून गेलेल्या अशा वाक्यावर पुढे दोन वर्षे वाद चालतो.

भेटीविषयी माझे उत्तर तुम्हाला कदाचित आवडणार नाही. पैसे मिळेपर्यंत भेट थांबवू नये. भेट आणि पोटगी हे दोन स्वतंत्र विषय आहेत. भेट मिळत नाही म्हणून पोटगी थांबवण्याचा अधिकार त्यांना नाही, तसाच पोटगी मिळत नाही म्हणून न्यायालयाने ठरवून दिलेली भेट थांबवण्याचा अधिकार तुम्हालाही नाही. भेट अडवली तर वसुलीच्या अर्जातील चर्चा थकबाकीवरून तुमच्या वर्तनावर सरकते आणि त्यांना नेमके तेच हवे असते. भेटीचा आदेश नसेल तर त्यांनी तो मागावा. असेल तर तो पाळून प्रत्येक भेटीची तारीख वहीत लिहून ठेवावी. ते आलेच नाहीत, तर तीही नोंद करावी. मुलीच्या सुरक्षिततेचा खरा प्रश्न असेल, तर भेट न्यायालयाच्या आवारात किंवा कोणाच्या उपस्थितीत व्हावी, असा स्वतंत्र अर्ज करावा.

खर्चाचे थोडक्यात. महाराष्ट्रात पोटगीच्या प्रकरणांत स्त्रियांना न्यायालय शुल्क माफ आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे स्त्री आणि बालक यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर विचारावे. पोटगी वाढवून घेण्याचा अर्ज जरूर करावा, कारण २०२२ मध्ये ठरलेल्या रकमेत आज शाळेचा खर्च भागत नसणार, पण तो वसुलीच्या अर्जापासून वेगळा ठेवावा. दोन्ही एकत्र केले की वाढीच्या पुराव्यासाठी वसुलीही थांबते.

ते परदेशी गेले तर काय, असेही तुम्ही ओझरते विचारले आहे. मुलांच्या पोटगीच्या आंतरराष्ट्रीय वसुलीसाठी २००७ मध्ये झालेल्या हेग कराराचा भारत सदस्य नाही, त्यामुळे परदेशातील पगारापर्यंत पोहोचणे कठीण आणि खर्चिक होते. म्हणून ते इथे असतानाच जमिनीवरील जप्ती पूर्ण करून घ्यावी. अटक वॉरंट निघालेले असेल, तर पारपत्र कायद्याच्या कलम १०(३) खाली पारपत्र जप्त करण्याची विनंती पारपत्र प्राधिकाऱ्याकडे करता येते. त्यासाठी वॉरंटची प्रमाणित नक्कल लागते.

मुलगी १८ वर्षांची होईपर्यंतची थकबाकी ती सज्ञान झाली म्हणून संपत नाही, ती नंतरही वसूल करता येते. पुढच्या काळासाठी मात्र कलम १४४ चा आधार सर्वसाधारणपणे राहत नाही. तुम्ही हिंदू असाल तर अविवाहित मुलीला, ती स्वतःचा निर्वाह करू शकत नसेल तोवर, १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम २०(३) खाली वडिलांकडून निर्वाह मागता येतो आणि त्यासाठी कौटुंबिक न्यायालयात स्वतंत्र प्रकरण दाखल करावे लागते. सध्या आदेशाची नक्कल, बँक उतारा आणि सातबारा हे तीन कागद घेऊन याच आठवड्यात वकिलाकडे किंवा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे.